मुंडे साहेबांचे नव्वद रुपये

फाटकवाला

आधीच सांगतो, पक्षाचा झेंडा घेऊन कुणी येऊ नका. धागा ढाळ्यांचा आहे, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या जुड्यांचा.

आमच्याकडं कुठल्याही पारावर दहा मिनिटं टेका, ‘साहेब मला नावानं हाक मारायचे’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. मी त्यातला नाही. गोपीनाथराव मुंडे मला नावानं काय, तोंडानंही ओळखत नसणार. पण त्यांचे नव्वद रुपये माझ्याकडं राहिलेत.

जानेवारी १९९७. सालाची खात्री आहे, कारण मी सहावीत होतो. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन आठवडा झाला असेल. गाव परळीपासून जवळ, नावाची गरज नाही. आमचं दीड एकर कोरडवाहू रान आणि त्याला खेटून रेल्वेचं फाटक. परळीच्या थर्मलला, म्हणजे वीज केंद्राला, कोळसा घेऊन जाणाऱ्या मालगाड्या तिथून जायच्या. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना जीपा, ट्रक, एसट्या, बैलगाड्या, सगळं थांबायचं. तेच आमचं मार्केट. आई-दादा, म्हणजे आई-वडील, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेलेले. घरी मी आणि आज्जी. ती पहाटे दहिवरात ढाळे उपटायची, मी शाळेतून आलो की जुड्या घेऊन फाटकावर. दोन रुपयाला जुडी.

ज्यांनी हरभरा उपटलाय त्यांना आंब माहीत असेल. पाल्यावरचं ते आंबट पाणी बोटांच्या चिरांत गेलं की जीव जातो. त्या महिन्यात माझी दहाही बोटं चिरलेली असायची आणि जेवताना घासाला आंबट वास.

त्या दिवशी चारच्या सुमाराला फाटक पडलं. मी आधी एसटीकडं पळालो, कारण गिऱ्हाईक एसटीतच. एका बाईनं खिडकीतून दीड रुपयात मागितली, मी नाही म्हणालो, तिनं तोंड फिरवलं. मग मागं बघतो तर पोलिसांची जीप आणि तिच्यामागं लाल दिव्याची पांढरी अँबॅसडर. मागची काच खाली होती. भिंतीवरच्या पोस्टरात रोज दिसणारा चेहरा आत बसलेला. उपमुख्यमंत्री. गृहखातं त्यांच्याकडं. आमच्या गावाला मुख्यमंत्री कोण हे एक वेळ सांगता आलं नसतं, पण हे कोण ते पाळण्यातलं पोर सांगायचं.

मला कुणी अडवलं नाही. पोलीस खाली उतरून आळस देत होते. आतून हात आला, मी जुडी दिली. त्यांनी एक घाटा तोडला, अंगठ्यानं दाबला, दाणा तोंडात टाकला. नखानं नाही, अंगठ्याच्या पेरानं, टच् असा आवाज येतो ना तसा. रानातल्या माणसालाच जमतं ते. मग आणखी चार जुड्या घेतल्या आणि गाडीत, पोलिसांत वाटल्या. पाच जुड्या, दहा रुपये.

मला काहीतरी विचारलं त्यांनी. काय, ते आठवत नाही. देवाशपथ नाही आठवत. गावात नंतर त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. चुलत्यानं तर साहेबांनी मला शाळा सोडू नको म्हणून सांगितलं असं स्वतःच ठरवून टाकलं आणि मीही मान डोलावत गेलो. खरं एवढंच, की ते दाणे सोलत होते आणि मालगाडीकडं बघत होते.

पुढच्या सीटवरच्या माणसानं शंभराची नोट काढून दिली. माझ्या खिशात चिल्लर धरून अकरा रुपये. मी एसटीच्या कंडक्टरकडं पळालो. त्यानं पिशवीत हात घातला आणि सुट्टे नाहीत लेका म्हणाला. ट्रकवाल्याकडं गेलो. तोवर गार्डाचा डबा गेला, फाटक वर झालं आणि पोलिसांची जीप सुटली. मी नोट वर धरून ‘साहेब सुट्टे, साहेब सुट्टे’ करत धुरळ्यात पळालो, विहिरीच्या वळणापर्यंत. मी मालगाडीचे डबे नेहमी मोजायचो, अठ्ठावन्न भरायचे. त्या दिवशी एकतिसावरच चुकलो.

घरी आल्यावर आज्जीला वाटलं मी चोरी केली. सगळं सांगितल्यावर तिनं नोट दोन्ही बाजूंनी बघितली आणि पदराला गाठ मारली. ‘मपले नाहीत लेकरा, त्यायचे हायेत. कुणाची बाकी ठिवायची नसती.’

बाकीचं जेवून लिहितो. तोवर तुमचं कुणाचं असं काही असेल तर टाका. फोटो काढला, हार घातला, असलं नको. अचानक भेट झालेली.

मांजरा

‘जेवून लिहितो’ म्हणून गेलेले लोक इथं दोन-दोन महिने जेवत बसलेत. लवकर या.

आमची लातूरची कथा. माझ्या आत्याच्या लग्नाला विलासराव देशमुख आले होते. बाभळगाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं ‘आले होते’ ही काही मोठी बातमी नव्हे. १९७४ ला बाभळगावचे सरपंच, तिथून मुख्यमंत्री, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या लग्नांना जायचा सराव त्यांना असणारच. मुद्दा फोटोचा. अल्बममध्ये अक्षतांचा एक फोटो आहे, त्यात उजव्या कडेला एक पांढराशुभ्र खांदा आलाय. नुसता खांदा. आमच्या बैठकीत तो फोटो मोठा करून वीस वर्षं लावलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला आजोबा तो खांदा दाखवायचे. मागच्या वर्षी आत्या माहेरपणाला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, अहो तो तर आमच्या मामेसासऱ्यांचा खांदा. विलासराव अक्षता पडल्यावर आले.

आजोबा आता हयात नाहीत. फोटो अजून तिथंच आहे. काढायचं कुणी म्हणत नाही.

सरळ_रेष

फाटकवाला, कथा गोड आहे पण दोन शंका. एक, उपमुख्यमंत्र्याचा ताफा आणि एक पोरगं थेट खिडकीशी? दोन, एवढा मोठा माणूस येतोय म्हटल्यावर मालगाडी अलीकडच्या स्टेशनात थांबवली नसती का? आठवण आणि गोष्ट यांत आपण सगळेच घोळ करतो, म्हणून विचारलं. राग नसावा.

हिरवा_झेंडा

रेल्वेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी आपल्याच भागात. दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देतो.

इंटरलॉक फाटक असेल तर एकदा सिग्नल दिला की गेटमननं ठरवलं तरी ते उघडत नाही. फाटक बंद असल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि सिग्नल परत घेऊन गाडी थांबवल्याशिवाय फाटक सुटत नाही. अशी उभी केलेली भरलेली कोळशाची गाडी पुन्हा हलवायची म्हणजे ड्रायव्हरच्या शिव्या खाव्या लागतात. अठ्ठावन्न डबे बरोबर सांगितले, बॉक्सएन वाघिणींचा, म्हणजे उघड्या मालडब्यांचा, पूर्ण रेक तेवढाच असतो. इंजिन धरून साडेसहाशे मीटरच्या वर लांबी. तोंड दिसल्यापासून शेपूट जाईपर्यंत थर्मलजवळच्या गतीनं तीन-चार मिनिटं, आणि फाटक त्याच्या किती तरी आधी पडलेलं. म्हणजे पोराला पाच जुड्या विकायला वेळ भरपूर.

माझ्या गेटवर मंत्री थांबलेत, नवरदेव थांबलेत, एकदा तिरडीही थांबली. फाटकाला माणूस कळत नाही.

गंमत वेगळीच आहे. १९९५ मध्ये एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या कराराचा फेरआढावा घेणारी समिती मुंड्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. राज्याच्या विजेचा हिशोब करणारा माणूस आणि त्याला अडवलं कुणी, तर थर्मलच्या कोळशानं.

मांजरा

आणि २०१३ च्या दुष्काळात ते थर्मल पाण्यावाचून बंद पडलं. कोळसा होता, पाणी नव्हतं. आपल्याकडं काहीतरी एक नसतंच.

जायकवाडीच्या_पोटातला

नावावरून कळलं असेल. आमचं गाव जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली, नाथसागराखाली आहे.

माझ्या आजोबांनी लालबहादूर शास्त्रींना बघितलं होतं. १८ ऑक्टोबर १९६५, धरणाची पायाभरणी. युद्ध संपून महिनाही झाला नव्हता. आजोबा सांगायचे, एवढ्या मोठ्या लढाईचा माणूस म्हणून आम्ही कुणीतरी धिप्पाड बघायला गेलो, तर स्टेजवर आमच्या गुरवाएवढा माणूस. तीन महिन्यांत शास्त्री गेले. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिराबाई उद्घाटनाला आल्या तेव्हा आजोबा गेले नाहीत. तोवर आमचं सामान नव्या गावठाणात पडलेलं होतं.

पण धाग्याचा विषय अचानक भेटीचा. ती शंकरराव चव्हाणांची. साहेब मूळचे पैठणचेच, १९२० चा जन्म. १९८६ ते ८८ ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होते, त्या काळातली गोष्ट. आजोबा नाथांच्या समाधीला गेले होते आणि बाहेर येतात तर समोरून शंकरराव. आजोबांच्या कोपरीच्या खिशात पर्यायी जमिनीचा अर्ज कायम असायचा, कापडात गुंडाळलेला, जसं लोक ताईत ठेवतात. तो पुढं केला. त्यांनी तो उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हेडमास्तर म्हणायचेच त्यांना. आजोबांचं म्हणणं असं, की आयुष्यात तो अर्ज पूर्ण वाचणारा तो एकच माणूस.

अर्ज पुढं गेला. कुठल्या टेबलापर्यंत गेला आणि कुठं बसला, देव जाणे. जमीन मिळाली, पण चौदा वर्षांनी, अर्धी, आणि तीही मुरमाड. आजोबांना विचारलं की साहेबांचा राग नाही का येत, तर म्हणायचे, धरण नसतं बांधलं तर खालची परभणी-नांदेडपर्यंतची माणसं काय पिली असती. मला हे उत्तर आजही पचत नाही. पण ते त्यांचं उत्तर आहे, माझं नाही.

नांदेडी_तडका

कंधारला केशवराव धोंडग्यांना भेटायला योगायोग लागत नसे, एसटी स्टँडवर उभं राहिलं की झालं. ‘अचानक’ एवढंच, की आपण कुजबुजत असलो तरी ते पलीकडच्या टोकावरून ऐकू येईल असं बोलायचे. शेकापचा माणूस, १९७७ ला नांदेडचा खासदार, आणि गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवणारा जगातला बहुधा एकमेव पुढारी. मी लहानपणी त्या संमेलनाला मामाबरोबर गेलो होतो. सगळीकडं घोंगड्या, काठ्या, आणि कविता म्हणायला उभा राहिलेला एक म्हातारा मधेच थांबून म्हशीला हाक मारतोय. शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ ला गेले. त्यांच्याशी माझं बोलणं शून्य. पण त्या म्हाताऱ्याची म्हशीची हाक अजून येते मला काढता.

टायरगाडी

फाटकवालेदादा, तुमच्या आज्जी ‘बाकी’ म्हणाल्या तिथं मी वाचायची थांबले. इतरांना कळणार नाही म्हणून सांगते.

आमचीही ऊसतोडीची टोळीच. आई-बाप मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता, माणूस असून अर्धा. दसऱ्याच्या आधी टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, त्यावर घरातलं लग्न, दवाखाना, बी-बियाणं निभतं. मग पाच-सहा महिने कारखान्याच्या उसात ती फेडायची. पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना हिशोब होतो, आणि उचल फिटली नाही की ‘बाकी फिरली’ म्हणतात. बाकी फिरली की पुढच्या साली तोच मुकादम, तोच कारखाना, तो सांगेल तिकडं. आमच्या घरी शिवी दिली तर चालायची, पण बाकी हा शब्द संध्याकाळी उच्चारायचा नाही.

मुंडे साहेब मी एकदाच बघितले, भगवानगडावर दसऱ्याच्या मेळाव्याला, दादाच्या खांद्यावरून. एक ठिपका. त्या ठिपक्याकडं बघून दादा म्हणाले, ह्यांनी ताणून धरलं तर ह्या साली तोडीचा दर वाढतोय. वाढला का नाही ते मला कळायचं वय नव्हतं. आणि एक टोचणारं बोलू का? आपल्यातली म्हातारी माणसं साहेबाचे सुट्टे परत द्यायला धुरळ्यात लेकरू पळवतील. मुकादमाच्या वहीतली आपली चूक दुरुस्त करायला मात्र कुणी पळालेलं मी बघितलं नाही.

सरळ_रेष

हिरवा_झेंडा, एक शंका फिटली. टायरगाडीताई, तुमच्यापुढं माझी दुसरी शंका विचारायची लाज वाटते, तिचं राहू द्या.

चावडी_कारभारी

दर, लवाद आणि सध्याच्या नेत्यांवरचे तीन प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवलेत. इथं ढाळे चालू द्या.

फाटकवाला

जेवायला दोन दिवस लागले, माफी. प्रत्येकाला वेगळं लिहीत नाही. मांजरा, तो खांदा काढू नका.

पुढचं. आज्जीनं दुसऱ्या दिवशी दुकानातून नोट मोडून आणली. दहा तिचे हिशोबाचे, नव्वद वेगळे. ते नव्वद तिनं उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात ठेवले, तुरीच्या डाळीत. रोज शाळेतून आलो की ते कागदात बांधून ढाळ्यांबरोबर माझ्या खिशात, रात्री परत डाळीत. लाल दिवा दिसला की पळायचं. तीन आठवडे मी असा साहेबांचे पैसे खिशात घेऊन ढाळे विकले. लाल दिव्याच्या दोन गाड्या थांबल्या. एकीत कलेक्टर होते म्हणे, दुसरीत कुणी नव्हतंच, ड्रायव्हर घरी डबा आणायला चालला होता. मग घाटे वाळले, हरभरा काढणीला आला आणि फाटकावरचा धंदा संपला.

फेब्रुवारीच्या शेवटी मुकादमाचा माणूस निरोप घेऊन आला. आई उसात आजारी पडली होती, पाय भरलेला, ताप उतरेना, तिला अंबाजोगाईला मेडिकलला आणताहेत. आज्जीनं डाळीत हात घातला. तिचे स्वतःचे चाळीस होते. एसटीत ती एक शब्द बोलली नाही. आई अकरा दिवस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाच्या त्या दवाखान्यात होती, नीट होऊन आली. त्या मोठ्या भिंतीखाली बसून मी पहिल्यांदा ब्रेड खाल्ला.

घरी आल्यावर आज्जीनं मला रुळाकडं पाठवलं. वाघिणींतून सांडलेला कोळसा आम्ही वेचायचोच. एक बोटभर लांब खडा आण म्हणाली. दाराआडच्या भिंतीवर, जिथं सहसा दूधवाल्याचे रतीब मांडतात, तिथं मला लिहायला लावलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तीनदा म्हणून घेतलं. ‘मुंडे साहेब, नव्वद.’

दसऱ्याला घर चुन्यानं सारवलं की अक्षरं जायची. मग चुना वाळला की परत कोळसा, परत मी. आई-दादा कारखान्यावर निघायच्या आधीचं ते शेवटचं काम असायचं. दादा हसायचे. म्हणायचे, मुकादमाची बाकी वहीत आणि साहेबांची भिंतीवर, आपण लई मोठे कर्जदार झालो. आज्जी हसायची नाही.

टायरगाडीताई, तुमचं टोचणं बरोबर आहे. आज्जीनं मुकादमाची वही कधी उघडून मागितली नाही. नव्वद रुपये तिच्या हातात होते म्हणून तिला त्यांचं करता आलं, एवढंच मला सुचतं.

ती २००५ ला गेली. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीहून साहेब गेल्याची बातमी आली तेव्हा मी पुण्यात कंपनीत होतो. केंद्रात मंत्री होऊन त्यांना आठच दिवस झालेले. रात्रीच निघालो. दुसऱ्या दिवशी पांगरीला वैद्यनाथ कारखान्यावर जी गर्दी होती ती बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितली असेल. ऊन असं की चपलेतून चटका. मी जवळ जाऊ शकलो नाही, प्रयत्नही केला नाही. माझ्या पुढं एक म्हातारा डोक्यावर रिकामं पोतं घेऊन उभा होता आणि दर दहा मिनिटांनी मागं वळून मला विचारत होता, आलं का रे. दिसत नव्हतं दोघांनाही.

भिंतीचं सांगायचं राहिलं. आज्जी गेल्यावर दोन दसरे मी गावी आलो पण लिहिलं नाही. कॉलेजात होतो, मित्र घरी यायचे, लाज वाटायची. तिसऱ्या साली चुना वाळत होता, मी पिशवी भरत होतो. आई दाराआड उभी राहून भिंतीकडं बघत होती. म्हणाली, कोळसा कुठं ठिवलास?